परदेशी मदतीचा प्रकल्प: कागदापासून बांधापर्यंत

‘जागतिक बँकेचा पैसा आहे मॅडम, फुकटचाच की!’

प्रकल्पाच्या कामात पडलेल्या प्रत्येकाने हे वाक्य एकदा तरी ऐकलेलं असतं, कधी ग्रामसभेत तर कधी मंत्रालयाच्या लिफ्टमध्ये. मी नवीन होते तेव्हा ऐकून मान डोलावली होती. पुढे कर्जाच्या अटी वाचायला मिळाल्या आणि मान डोलावणं बंद झालं. दुष्काळी भागातल्या शेतीसाठीच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी, म्हणजे सगळे ज्याला ‘पोकरा’ म्हणतात त्यासाठी, २०१८ साली जागतिक बँकेने महाराष्ट्राला ४२ कोटी डॉलर मंजूर केले. ते कर्ज आहे. मुदत २४ वर्षं, त्यातली पहिली सहा वर्षं मुद्दल फेडायचं नाही. त्या वर्षी बालवाडीत असलेली पोरं नोकरीला लागून कर भरायला लागतील, तेव्हाही त्याचे हप्ते चालू असतील.

अशा प्रकल्पात नुकतं पाऊल टाकणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे: जिल्ह्याच्या प्रकल्प कक्षात कंत्राटावर लागलेली कृषी किंवा समाजकार्याची पदवीधर मुलं-मुली, संस्थांचे कार्यकर्ते, तालुक्याच्या बातम्या देणारे पत्रकार. प्रकल्प कोण आखतं, कुठल्या टप्प्यावर काय पक्कं होतं आणि तुमचा हात त्यात कुठपर्यंत पोचतो, ते एकदा माहीत झालं की निम्मी धांदल कमी होते.

आधी पैशाची जातकुळी ओळखा

मदत म्हणून येणाऱ्या पैशात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: अनुदान, सवलतीचं कर्ज आणि तज्ज्ञांचा सल्ला. भारतात अनुदानाचा वाटा आता फार थोडा उरलाय. १९५८ साली जागतिक बँकेने भारताला मदत करणाऱ्या देशांचा गट जमवला. त्याच वर्षी जपानने आपलं पहिलंवहिलं येन कर्ज दिलं, तेही भारतालाच. तो काळ गेला. २००३ मध्ये भारताने ठरवलं, की सरकारी पातळीवरची मदत मोजक्या देशांकडूनच घ्यायची. ब्रिटनने आपलं आर्थिक अनुदान २०१५ मध्ये थांबवलं. जागतिक बँकेची गरीब देशांसाठी एक वेगळी खिडकी आहे, ‘आयडा’. भारत त्या रांगेतून २०१४ मध्येच बाहेर पडला. महाराष्ट्रात तुमची गाठ पडेल ती बहुधा चौघांशी: जागतिक बँक, आशियाई विकास बँक, जपानची सरकारी मदतसंस्था ‘जायका’ आणि जर्मनीची सरकारी विकास बँक ‘केएफडब्ल्यू’. चौघांकडूनही येणारा मोठा पैसा कर्जाचाच.

व्याजदर ऐकून हुरळून जाऊ नका. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं जपानी कर्ज ०.१ टक्के व्याजाचं, ५० वर्षं मुदतीचं, त्यात पहिली १५ वर्षं मुद्दल फेडायचं नाही. ऐकायला जवळजवळ फुकट. पण त्यासोबत जपानी तंत्रज्ञान आणि खरेदीच्या अटी येतात आणि परतफेड येनमध्ये असते. व्याज, खरेदीच्या अटी आणि चलन एकाच पानावर मांडून वाचायची सवय लावा. नुसत्या व्याजावरून स्वस्त-महाग ठरवणं म्हणजे नुसत्या पत्रिकेवरून सून पसंत करणं.

आणखी एक गोष्ट नवख्यांना ठाऊक नसते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९३ नुसार राज्य सरकारला भारताच्या हद्दीतच कर्ज काढता येतं. परदेशी कर्जावर सही केंद्राची होते. पूर्वी केंद्र हा पैसा राज्याला थोडा कर्ज, थोडा अनुदान असा द्यायचं. २००५ पासून महाराष्ट्रासारख्या सर्वसाधारण राज्यांना तो आला तसाच पुढे दिला जातो, त्याच अटींवर. रुपया घसरला तर त्याची झळ राज्याने सोसायची. वेगळी वाट २०१७ मध्ये निघाली. शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला (एमएमआरडीए) जायकाकडून थेट कर्ज घ्यायला परवानगी मिळाली. हमी राज्याची आणि त्यावर प्रतिहमी केंद्राची. २१.८ किलोमीटरचा तो पूल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. तुमच्या तालुक्यातल्या प्रकल्पाला मात्र दिल्लीचा जुनाच रस्ता आहे.

पहिला कागद

सरकारी भाषेत याला ‘बाह्य सहाय्यित प्रकल्प’ म्हणतात, बोलताना सगळे ‘ईएपी’ म्हणतात. त्याची सुरुवात ‘पीपीआर’ने होते, म्हणजे प्राथमिक प्रकल्प अहवालाने. राज्याचा विभाग तो तयार करतो. नियोजन आणि वित्त विभागांच्या हाताखालून तो केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक कार्य विभागाकडे जातो. नीती आयोग आणि संबंधित केंद्रीय मंत्रालयाचे अभिप्राय घेतले जातात, छाननी समिती बसते आणि प्रस्ताव पसंत पडला तर तो बँकेला ‘पोझ’ होतो. हा शब्द लक्षात ठेवा. ‘पोझ झाला का?’ एवढ्या एका प्रश्नावर कितीतरी साहेबांचे महिने गेलेत.

तिकडे बँकेचाही स्वतःचा कागद असतो. पुढच्या काही वर्षांत या देशात कशाला पैसे द्यायचे, याचा आराखडा ती केंद्र सरकारशी बोलून आधीच ठरवते. आपला प्रस्ताव त्यातल्या कुठल्या ओळीत बसतो, ते पीपीआर लिहिणाऱ्याने बघायचं असतं. पण त्या ओळीत बसवण्याच्या नादात गरजच बदलून टाकायची नाही. ही चूक इतकी सर्रास होते, की ती चूक आहे हेच विसरायला होतं. ‘हवामान बदल’ हा शब्द चलतीत आला की रस्त्याच्या प्रस्तावातही हवामान येतं आणि गोदामाच्या प्रस्तावातही.

पीपीआरचा मसुदा तुमच्या टेबलावर आला तर पहिली पाच पानं वाचा. तिथे ‘शेततळी हवीत’ असं लिहिलं असेल, तर लिहिणाऱ्याने उत्तर आधी ठरवून टाकलंय. ‘पावसाने तीन आठवडे ओढ दिली की या भागातलं सोयाबीन का करपतं?’ असं लिहिलं असेल, तर अजून विचाराला जागा आहे. शेततळं हे त्याचं एक उत्तर असेल, सुधारित वाण हे दुसरं, रुंद वरंबा-सरी हे तिसरं. इथे एक वाक्य बदलायला अर्धा दिवस लागतो. करारानंतर तेच बदलायला वर्ष जातं आणि दिल्लीची परवानगी लागते ती वेगळीच.

मिशन येतं तेव्हा

‘मिशन’ म्हणजे बँकेच्या माणसांचा दौरा. शेतीतज्ज्ञ, खरेदीतज्ज्ञ, वित्ततज्ज्ञ, पर्यावरण आणि समाजाचे तज्ज्ञ असे आठ-दहा जण. प्रकल्पाची ओळख, तयारी, मूल्यमापन अशा प्रत्येक टप्प्यावर ते येतात. दौरा संपताना एक टिपण तयार होतं, ‘एड-मेमॉयर’. काय पाहिलं, काय ठरलं, कुणी कुठल्या तारखेपर्यंत काय करायचं, ते सगळं त्यात असतं. पाहुणे विमानात बसले की आपल्याकडे ते टिपण कपाटात जातं आणि पुढच्या मिशनच्या आदल्या रात्री बाहेर निघतं. तुम्ही नवीन असाल तर एक काम स्वतःहून अंगावर घ्या: त्यातल्या ‘कोण, काय, कधी’ची एका पानाची मराठी यादी करून जिल्ह्याला पाठवा. अशी यादी करणाऱ्याला पुढे बैठकीत खुर्ची मिळते, हा स्वानुभव आहे.

गावभेटीची तयारी करताना हार-तुरे, फेटे आणि लेझीम आवरा. माझ्या पहिल्या मिशनला आम्ही शाळेच्या पोरांना उन्हात तासभर उभं केलं होतं. पाहुण्या बाईंनी गाडीतून उतरताच विचारलं, ‘यांची शाळा नाही का आज?’ अनुवाद मलाच करायचा होता. मी तो केला नाही.

गावाचा आराखडा

वरचे सगळे टप्पे दिल्ली-मुंबईत उरकतात. तुमचं खरं काम इथे आहे आणि इथे घाई केली तर पुढची सहा वर्षं निस्तरत बसावं लागतं.

महाराष्ट्राला याचा चांगला वारसा आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नगर जिल्ह्यात वर्षानुवर्षं काम केलेले स्विस जेसुइट फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला. पैसा केएफडब्ल्यूचा, तो पोचवणारी नाबार्ड, सोबत स्थानिक संस्था आणि १९९३ मध्ये स्थापन झालेली, पाणलोटाचं काम करणारी ‘वॉटर’ ही संस्था. त्यांनी गावाला लगेच पैसे दिले नाहीत. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, श्रमदान करायचं आणि आधी पाणलोटाच्या एका लहान तुकड्यावर काम करून दाखवायचं. ते जमलं तरच पुढचा मोठा आराखडा. देणाऱ्याने घेणाऱ्याची परीक्षा पाहिली असं कुणी म्हणेल. मला उलट वाटतं. त्या तुकड्यावर गावानेही देणाऱ्याला पारखून घेतलं.

त्यांच्या नियोजनातली एक पद्धत आजही कामाची आहे. शेताच्या प्रत्येक तुकड्यावर प्रत्यक्ष जायचं, सोबत शेतकरी आणि त्याची बायको दोघंही हवीत आणि या तुकड्यावर काय करायचं ते बांधावर उभं राहूनच ठरवायचं. मातीची खोली, उतार, सध्याचं पीक, मालकाची तयारी हे सगळं तिथेच लिहायचं. वेळ लागतो. पण नंतर ‘माझ्या रानातून चर कुणाला विचारून काढला?’ हे भांडण होत नाही.

पोकरात याला सूक्ष्म नियोजन म्हणतात. गावफेरी, शिवारफेरी, पारावर रांगोळीने काढलेला गावाचा नकाशा आणि मग पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडतो, किती वाहून जातो, किती मुरतो, पिकांना किती लागतं, तूट किती, याचा हिशोब मांडायला आयआयटी मुंबईची मदत घेतली गेली. पहिल्या टप्प्यात पाच हजारांहून अधिक गावं होती, मुख्यतः विदर्भ-मराठवाड्यातली दुष्काळी गावं आणि पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा, म्हणजे जिथलं जमिनीतलं पाणी खारं आहे तो भाग. एवढ्या गावांना अंदाजपंचे आराखडे करून चालत नाही. ताळेबंद हाताशी असला की ‘अजून दहा शेततळी द्या’ म्हणणाऱ्याला आकडा दाखवता येतो. पाणीच वाहून जात नसेल तर अडवायचं काय? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

पण आकड्यांना गावातली वाट दिसत नाही. मराठवाड्यातल्या एका गावात हिशोबाने सिमेंट नालाबांधासाठी जागा सुचवली होती. अभियंत्याने पाहिली, पुरुषांच्या बैठकीत माना हलल्या, ठराव लिहायला घेतला. दुपारी बायकांची वेगळी बैठक होती. नकाशावर खडा ठेवून जागा दाखवली, तर साठीच्या एक मावशी पुढे सरकल्या आणि खडा उचलून हातातच धरला. ‘इथं बांध घातला तर पाणी मागं तुंबतंय. आमच्या वस्तीची वाट त्याच्याखालून जाती. पावसाळ्यात पोरं शाळेला कुठून न्यायची?’ ती वाट आमच्या नकाशात नव्हती, सातबाऱ्यावरही नव्हती. तिथून फक्त वस्तीतली माणसं जायची. दुसऱ्या दिवशी अभियंत्यासोबत पुन्हा गेलो. बांध नाल्यात दीडशे फूट वर सरकला. साठा थोडा कमी झाला, वाट राहिली.

यावरून तीन गोष्टी मी कायमच्या लावून घेतल्या. बायकांची बैठक वेगळी आणि दुपारी दोन-अडीचला घ्यायची, संध्याकाळी चुलीच्या वेळी कुणी येत नाही. वस्तीवर बैठक वस्तीतच घ्यायची, चावडीवर बोलावून नाही. आणि ठरावावर सह्या त्याच दिवशी घ्यायच्या नाहीत, एक रात्र मध्ये जाऊ द्यायची.

भूमिहीनांचा प्रश्न तुम्हीच काढा, तो आपोआप निघत नाही. शेतीच्या प्रकल्पात बहुतेक बाबी जमीन असणाऱ्यासाठी असतात. शिवाय अनुदान थेट खात्यात येत असलं तरी खर्च आधी स्वतः करावा लागतो. ज्याच्याकडे आधी घालायला पैसे नाहीत, त्याचं नाव यादीत असूनही लाभ दुसऱ्यालाच मिळतो. आराखड्याच्या बैठकीत नुसतं विचारा: ‘पहिले पैसे कुठून आणणार?’ उत्तरादाखल सगळे गप्प बसले, तर ती बाब त्या गावापुरती कागदावरच राहणार.

माणसं हलणार असतील तर

नर्मदेवरच्या सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. विस्थापितांचा लढा उभा राहिला, बँकेने नेमलेल्या स्वतंत्र समितीने १९९२ मध्ये कडक अहवाल दिला आणि १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज सोडून दिलं. त्याच वर्षी बँकेत तपासणी मंडळ स्थापन झालं. प्रकल्पाची झळ लागलेली माणसं आता थेट तिथे तक्रार करू शकतात. मुंबईकरांनी ती केलीही. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात घरं-दुकानं हलवण्यावरून २००४ मध्ये तक्रारी गेल्या आणि २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाच्या भागाचा पैसा काही महिने रोखला.

तेव्हा सामाजिक आणि पर्यावरणीय आराखड्याला ‘बँकेची कटकट’ समजू नका. तक्रार नोंदवही पहिल्या दिवशी उघडा. वही कोरी असेल तर खूश व्हायचं कारण नाही. बहुधा ती कुठे ठेवलीय हेच लोकांना माहीत नसतं.

मोजायचं काय

प्रत्येक प्रकल्पाला निर्देशांकांचा तक्ता असतो. आज किती, दर वर्षी किती, शेवटी किती. आजचा आकडा पायाभूत सर्वेक्षणातून येतो, म्हणून ते सर्वेक्षण काम सुरू होण्याआधी व्हायला हवं. दोन वर्षांनी केलं तर वरातीमागून घोडं. ‘प्रशिक्षण घेतलेले शेतकरी’ हा निर्देशांक दिसला की माझ्या कपाळाला आठी पडते. हजेरीपत्रकावर सह्या मिळवणं हे जगातलं सगळ्यात सोपं काम आहे, चहा-नाश्ता असला की झालं. काही कार्यक्रमांत तर निकाल दाखवल्यावरच पैसा सुटतो. २०१४ मध्ये मंजूर झालेला ‘जलस्वराज्य’ या ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रमाचा दुसरा टप्पा तसा होता. अशा ठिकाणी चुकीचा निर्देशांक लिहिला गेला तर अख्खी यंत्रणा चुकीच्याच मागे धावते.

सही आणि नंतर

वाटाघाटी दिल्लीत होतात: आर्थिक कार्य विभाग, राज्य आणि बँक. मसुदा ओळीओळीने वाचला जातो. मग बँकेच्या संचालक मंडळाची मंजुरी, सह्या आणि अटी पूर्ण झाल्यावर कर्ज ‘लागू’ होतं. पोकराचा आकार ४,००० कोटी रुपयांचा धरला होता. त्यातले २,८०० कोटी बँकेचे, १,२०० कोटी राज्याचे. हा राज्याचा तीस टक्के हिस्सा दर वर्षी अर्थसंकल्पात यावा लागतो, हे नव्याने रुजू झालेल्या लेखापालालाही कुणी सांगत नाही.

आणि पैसा ट्रंकेत भरून येत नाही. राज्य आधी आपल्या तिजोरीतून खर्च करतं, हिशोब दिल्लीत सहाय्य लेखा आणि लेखापरीक्षा नियंत्रकाकडे जातो, तिथून बँकेकडे मागणी जाते आणि मग केंद्रामार्फत रक्कम परत येते. गंमत बघा, जे शेतकऱ्याला तेच मंत्रालयाला: आधी खिशातून घाला, पावती दाखवा. म्हणून हिशोब थकला की प्रकल्प थकतो. शिवाय न उचललेल्या रकमेवर जागतिक बँकेचं शुल्क लागू शकतं. मंजूर पण पडून असलेलं कर्जही फुकट नसतं.

तयारी नसताना सही केली तर काय होतं, ते पुणेकरांना विचारा. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जायकाचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. मैलापाण्याची ११ शुद्धीकरण केंद्रं व्हायची होती. निविदा अंदाजापेक्षा फार चढ्या आल्या, रद्द झाल्या, फेररचना झाली. प्रत्यक्ष कामाला २०२२ उजाडलं. जमीन, निविदेचे मसुदे, मंजूर पदं आणि अर्थसंकल्पातलं लेखाशीर्ष हे चार कागद सहीआधी टेबलावर नसतील, तर सहीचा फोटो तेवढा चांगला येतो.

शेवटची तारीख, ‘क्लोजिंग डेट’, डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. त्या दिवशी कक्ष बंद होतो, गाड्या परत जातात, तुमचं कंत्राटही संपतं. २००३ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या जलस्वराज्यात गावाकडून भांडवली खर्चाची दहा टक्के लोकवर्गणी घेत, ती याच दिवसाच्या विचाराने. एका गावात मिशनसमोर सरपंचबाईंनी विचारलं, ‘बँक गेल्यावर मोटार जळाली तर फोन कुणाला लावायचा?’ या वेळी मी शब्दन् शब्द अनुवाद केला. साहेब जरा थांबले, वहीत काहीतरी टिपलं आणि एड-मेमॉयरमध्ये देखभालीबद्दल एक ओळ आली. सहा महिन्यांनी त्या गावी गेले, तर समितीने मोटारीसाठी वेगळं खातं उघडलेलं होतं. सरपंचबाईंनी पासबुक पुढे केलं. शिल्लक १,१४० रुपये होती.